दिग्गीची बस आणि राहिलेली भैरवी

चालू क्लबाचे किस्से होत नाहीत, त्याची गाणी होतात. किस्से साठायला लागतात ते क्लब बंद पडल्यावर. मग लग्नात, बाराव्याला, रेशनच्या रांगेत, जिथे म्हणून दोन जुनी माणसं भेटतील तिथे एखादा किस्सा निघतो. आणि दर खेपेला सांगणाऱ्यांतलं कुणीतरी कमी झालेलं असतं. माझ्याकडे आता किस्से भरपूर आणि ऐकणारे कमी, अशी गत झाली आहे. परवा आमच्या क्लबाच्या पन्नास वर्षांचं प्रदर्शन बघून आले, त्यात आणखी भर पडली. म्हटलं, सांगून टाकावं. माझाही भरवसा नाही.

आमचा म्हणजे रामनगरचा गायन क्लब. पाटीवर नाव भलं मोठं होतं, पण सगळे म्हणायचे 'बाजारचा क्लब'. आठवड्याच्या बाजाराला, भर दुपारी, गोवा रोडला लागून एक बंद पडलेली सॉ-मिल होती तिच्या शेडमध्ये तो भरायचा. सगळ्या जगात मैफली रात्री होतात, आमची दुपारी. कारण गाणारी निम्मी माणसं दिग्गी, कुंभारवाडा असल्या जंगलातल्या गावांची. बाजारात कंद, कोकम, बांबूच्या बुट्ट्या विकायच्या, हात धुवायचे आणि शेडमध्ये येऊन बसायचं. परत जायला दिग्गीची एकच बस, ती संध्याकाळची.

म्हणून क्लबाचा कायदाही एकच होता. बस शेडसमोर येऊन लागली की ड्रायव्हर हॉर्न द्यायचा. हॉर्न झाला की चाललेलं गाणं असेल तिथे सोडायचं आणि भैरवी घ्यायची. भैरवी झाली म्हणजे बैठक उठली. मैफल भैरवीनं संपते हे कुणीही सांगेल, पण हॉर्न ऐकून सुरू होणारी भैरवी बहुतेक आमचीच. ती म्हणायचा मान दिग्गीच्या दत्तूमामांचा, कारण सगळ्यांत लांब त्यांना जायचं असायचं. तबल्यावर पुंडलिकभावजी, त्यांचं सायकलचं दुकान होतं. पेटीवर मी. आमची पिठाची गिरणी, माहेर खानापूरचं, पेटी वडिलांनी शिकवलेली. मला सगळे अक्का म्हणतात, माझ्यापेक्षा मोठे असलेलेसुद्धा.

एका बाजाराला बस आलीच नाही. आम्ही आपले गातोय, वाट बघतोय. अंधारायला लागलं तशी मंडळी एकेक करून उठली. कुणी ट्रकला हात केला, कुणी चालत निघालं. हॉर्न नाही म्हणून भैरवीही नाही. पुढच्या बाजारालाही बस नाही. मग कळलं, संध्याकाळची ती फेरीच बंद केली. जंगलातली माणसं यायची थांबली. पाठोपाठ रस्ता रुंद करायला निघाला, त्यात शेड गेलं. संपलं सगळं.

पण दत्तूमामांना विचारलं तर ते मान हलवायचे. "संपली कशी म्हंतीस अक्का? भैरवी झाल्या काय? बैठक उठली न्हाई. नुस्ती थांबल्या."

गेली कित्येक वर्षं मी या एका वाक्यावर जगते आहे. हसायचं तर हसा.

* * *

पुंडलिकभावजी गेले. त्यांचा मुलगा सचिन बेळगावला फ्लेक्सचं आणि कार्यक्रम भरवायचं काम करतो. त्याचा फोन आला. "अक्काकाकू, क्लबाला पन्नास वर्षं होतात. हायस्कूलच्या हॉलमध्ये प्रदर्शन करतोय, बाबांच्या नावानं."

मी म्हटलं, अरे, क्लब जिवंत कुठे आहे? तो म्हणाला, स्थापनेला तर पन्नास होतात ना! मेल्या म्हशीला मण दूध म्हणतात ते हेच. म्हैस होती तेव्हा कुणी वैरण विचारली नाही.

पण पोरगं मनापासून करत होतं, त्यामुळे जास्त बोलवेना. शेवटी त्यानं मुद्द्याचं काढलं. बाबा जाताना सारखे म्हणत होते, भैरवी राहिली, भैरवी राहिली. तेव्हा प्रदर्शनाच्या शेवटच्या दिवशी दत्तूमामांनी स्टेजवर बसून भैरवी म्हणायची आणि क्लबाचा रीतसर समारोप करायचा. मामांना तुम्ही तयार करा.

फोन ठेवला आणि मी चुलीपुढे बसूनच राहिले. मामांनी भैरवी म्हटली की क्लब संपला. नाही म्हटली तर पुंडलिकभावजींचा जीव अडकून राहिला, असं हे पोरगं जन्मभर मनात धरणार. दोन्हीकडून मरण, आणि मधे मी.

मामांना जाऊन सांगितलं. ते अंगणात बसले होते. आवाज पार खाली गेलाय त्यांचा, चार शब्द बोलले की दम लागतो. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की पेटी कोण धरणार. मी म्हटलं, मीच. मग येतो म्हणाले. भैरवीचं हो नाही की नाही नाही.

* * *

आमचा बसचा ड्रायव्हर होता बसाप्पा. हुबळीकडचा, कन्नड माणूस. सुरुवातीला फार वैतागायचा. ही मंडळी वेळेवर गाडीत बसत नाहीत, गाणी कसली म्हणतात, असं. एकदा रागानं ओढून काढायलाच शेडमध्ये आला, आणि दाराशी उभा राहिला तो राहिलाच. पुढच्या बाजारापासून गाडी जरा लवकर आणून लावायला लागला. हॉर्न द्यायचा नाही, गुपचूप आत येऊन मागच्या फळकुटावर बसायचा.

एकदा मामांचं असं काही रंगलं, की वेळ होऊन गेली तरी बसाप्पा हलेना. बाहेर गाडी भरलेली, माणसं घामानं निथळतायत, कोंबड्या ओरडतायत. ड्रायव्हर आत डोळे मिटून बसलेला! शेवटी कुंभारवाड्याची एक म्हातारी पुढे गेली आणि ड्रायव्हरच्या खिडकीतून हात घालून तिनं हॉर्न दाबला तो सोडलाच नाही.

मामांनी तान अर्धी टाकली आणि भैरवी धरली. कायदा तो कायदा. बसाप्पा दचकून उठला, हात जोडायला लागला, मामा, हॉर्न मी नाही दिला, चालू द्या. पण सुरू झालेली भैरवी मागे घेता येत नाही. जाताना बिचारा आपल्याच गाडीच्या चाकावर लाथ मारून म्हणाला, "माज्याच बशीनं मला उठिवलं की!"

बसाप्पा रिटायर होऊन गावाकडे गेला. प्रदर्शनात त्याचा फोटो असेल म्हणून मी शोधला. नव्हता. म्हणे क्लबाच्या कार्यकारिणीत तो नव्हता.

* * *

त्या बसचा हॉर्न जरा बसक्या आवाजाचा होता, सर्दी झालेल्या माणसासारखा. रामनगरात दिवसभर ट्रक बोंबलत असतात, पण आमचा हॉर्न शेडमधल्या झोपलेल्या माणसालाही कळायचा. आणि मामा भैरवीचा सा त्या हॉर्नवरूनच घ्यायचे. पेटीवर मी नंतर यायची. आधी हॉर्न, मग मामा, मग मी.

मधे डेपोनं नवी गाडी दिली. नवी गाडी, नवा हॉर्न, कानात काडी घातल्यासारखा चिरका. पहिल्याच दिवशी मामांनी सवयीनं त्याच्यावर सा लावला, आणि अंतऱ्याला आवाज असा फाटला की खोकत खोकत बसमध्ये चढले. दुसऱ्या बाजारालाही तेच. मी सांगितलं, मामा, मी खालचा सूर देते, तो घ्या. ते म्हणाले, बस जो देईल तो घ्यायचा, आपण बशीपेक्षा मोठे आहोत काय?

मग मी, मामा आणि पुंडलिकभावजी गेलो डेपोत. मेकॅनिक गाडीखाली होता. तिथूनच विचारलं त्यानं, काय तक्रार? ब्रेक? पत्रा गळतो? भावजी म्हणाले, न्हाई ओ, हॉर्न वरच्या पट्टीत आहे.

तो माणूस गाडीखालून बाहेर आला, आम्हा तिघांकडे आलटून पालटून बघितलं. आम्ही प्यायलेले नाही याची खात्री करून घेतली असावी. मग आत गेला आणि भंगारात टाकलेला जुना हॉर्न काढून नव्या गाडीला बसवला. वाजवून दाखवला. मामांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, "बराबर. सांभाळून ठिवा ह्येला."

कुणी सांभाळला नाही, अर्थातच.

* * *

आणि तो पाहुण्या गवयाचा किस्सा. धारवाडकडचे मोठे शिकलेले गवई होते, कुणाच्या तरी ओळखीनं वार्षिकोत्सवाला आले. शेड बघून नाक मुरडलं नाही, गूळपाणी घेतलं, छान बसले. मोठा ख्याल सुरू केला. डोळे मिटले आणि गेले तंद्रीत.

त्या दिवशी बसाप्पा रजेवर होता. बदली ड्रायव्हरला आमची पद्धत कुठली माहीत? त्यानं तासभर आधीच गाडी आणली आणि हॉर्न मारला.

आता सांगते ते मुद्दाम कुणी केलं नाही. वर्षानुवर्षांची सवय ती. भावजींचा हात आपोआप भैरवीच्या ठेक्यावर गेला. माझी बोटं पेटीवर तिकडेच वळली. मामांनी मागून भैरवी उचलली, आणि सगळं शेड पिशव्या, बुट्ट्या, कोंबड्या घेऊन उभं राहिलं. पाहुणे एकीकडे आपला ख्याल गातायत, आम्ही दुसरीकडे भैरवी गातोय! त्यांनी डोळे उघडले तेव्हा पुढे रिकामी चटई होती.

ते फार सज्जन. घाबरून विचारलं, माझं काही चुकलं का?

मामा दारातून वळले आणि हात जोडले. "न्हाई ओ, तुमचं बराबर हाय. आमची बस चुकंल."

* * *

आता प्रदर्शनाकडे येते.

दाराशी मोठा फ्लेक्स, त्यावर क्लबाचं नाव आणि पन्नासचा आकडा. आत शिरल्या शिरल्या सेल्फी पॉइंट. पुठ्ठ्याचा तानपुरा, त्याला भोक, भोकातून आपलं तोंड काढायचं आणि फोटो घ्यायचा. दोन कॉलेजच्या मुली काढत होत्या. चांगल्या दिसत होत्या हो, खोटं कशाला बोलू. पण खरा तानपुरा कोपऱ्यात दोरी बांधून ठेवला होता, त्याच्या तारा गेलेल्या, आणि त्याच्यासमोर कुणी नव्हतं.

माझी पेटी मीच सचिनला दिली होती. पावसाळ्यात तिचा भाता उंदरांनी खाल्ला, दुरुस्त करणारा बेळगावातही मिळेना. काचेच्या पेटीत माझी पेटी ठेवलेली. वर पिवळा बल्ब. काचेतून माझे स्वर दिसत होते, मधल्या 'सा'ची पट्टी माझ्या बोटानं झिजून खड्डा पडलाय तीसुद्धा दिसत होती. काच जरा सरकवून त्या खड्ड्यात बोट ठेवावंसं वाटलं, तर एक व्हॉलंटियर मुलगी धावत आली.

"आजी, टच करू नका."

मी म्हटलं, बाळ, ही माझी आहे.

"हो का? मग सोबत फोटो काढू का तुमचा?"

तेवढ्यात खालच्या लेबलवर नजर गेली. माझं पूर्ण नाव लिहिलं होतं आणि त्याच्या आधी 'कैलासवासी'. मी पुन्हा वाचलं. कैलासवासी मीच.

सचिनला बोलावलं तर पोरगं पांढरं पडलं. काकू, सॉरी, टाइप करणाऱ्यानं सगळ्यांनाच लावून टाकलं, लगेच काढतो, म्हणायला लागला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, राहू दे, पुन्हा खर्च नको. पुढं कामाला येईल.

तो हसला नाही. मी हसले. मग बराच वेळ मी त्या काचेसमोरच्या खुर्चीवर बसून होते, आणि लोक आधी लेबल वाचत होते आणि मग माझ्याकडे बघत होते.

* * *

फोटोंच्या भिंतीवर शेडमधल्या एका बैठकीचा मोठा फोटो होता. पुढच्या रांगेतल्यांची नावं खाली लिहिलेली. मागच्यांच्या नावाला एकच शब्द, 'ग्रामस्थ'.

त्या ग्रामस्थांत शेवंता होती. कुंभारवाड्याची, बुट्ट्या विकायला यायची. शेडच्या दाराशी सावली असायची म्हणून तिथे दुकान मांडायची. गाण्याशी तिचा संबंध नव्हता, असं आम्ही समजत होतो. एकदा मामांना यायला उशीर झाला, आम्ही नुसतेच सूर लावत बसलो होतो, तर दारातून आवाज आला. रोप लावताना बायका म्हणतात त्यातलं काहीतरी होतं. शब्द निम्मे कोकणी, निम्मे कसले कुणास ठाऊक. भावजींचा हात तबल्यावर तसाच राहिला. चिखलात उभं राहून म्हटलेलं गाणं ते, त्याला ठेका काय लावणार?

तेव्हापासून ती दर बाजाराला एक गाणं म्हणायची, पण आत यायची नाही. बुट्ट्यांवर लक्ष कोण ठेवणार? एकदा ती ऐन रंगात असताना एका गिऱ्हाइकानं बुट्टी उचलून भाव विचारला. शेवंतानं गाणं थांबवलं नाही. भाव त्याच चालीत सांगितला, त्यानं कमी करून मागितला तर पुढच्या ओळीत नाही म्हणाली, आणि शेवटी तिनं सांगितलेल्या भावात त्यानं बुट्टी घेतली तेव्हा समेवर आली. टाळ्या पडल्या. गिऱ्हाईक म्हणालं, मला वाटलं, ह्या टाळ्या मला.

बस गेली तशी शेवंता गेली. कुणी म्हणतं गोव्यात कुणाच्या घरी कामाला आहे, कुणी म्हणतं काजूच्या कारखान्यात. नक्की कुणालाच माहीत नाही. मी त्या फोटोत तिला शोधलं. फ्रेममध्ये बसवताना कड कापली होती. दाराशी तिची एक बुट्टी दिसत होती आणि बुट्टीवर ठेवलेला अर्धा हात. तिचं गाणं आम्हा कुणालाच येत नाही. येईल असं कधी वाटलंच नाही, कारण ती होतीच की दाराशी.

* * *

शेवटच्या दिवशी मी जीप करून दत्तूमामांना आणलं. सबंध रस्ता ते जुन्या बसथांब्यांकडे बघत होते. एका थांब्यात म्हशी बसल्या होत्या. त्यांना बघून म्हणाले, ह्यांला तरी सांगा, बस न्हाई म्हणून.

हॉलमध्ये सचिननं त्यांना हार घातला आणि एका टेबलापाशी नेलं. क्लबाची एकच कॅसेट उरली होती, शेडमधल्या बैठकीत रेकॉर्ड केलेली. सचिननं ती बेळगावच्या स्टुडिओत नेऊन साफ करून आणली होती. खर्च बराच आला असणार, पण बोलला नाही. मामांच्या कानाला हेडफोन लावले, दुसरे माझ्या.

आवाज स्वच्छ, अगदी रेडिओसारखा. खोकले नाहीत, पेल्यांची खणखण नाही, मागून येणारं 'वा मामा' नाही. कोंबडी नाही. मामांचं गाणं, आणि मग एकदम, कुठून सुरू झाली कळायच्या आत, भैरवी. तिच्याआधी काहीच नाही. नुसती शांतता, आणि शांततेतून भैरवी.

मामांनी हेडफोन काढून हातात घेतले आणि उलटेसुलटे करून बघितले.

"सचिन, कोन गायलाय ह्यात?"

"मामा, तुम्हीच की."

"मग बस कुटं हाय?"

सचिनला आधी कळलंच नाही. मी सांगितलं, भैरवीच्या आधी हॉर्न असतो बाळ, तो तू पुसलास. त्यानं तोंडावर हात ठेवला. म्हणाला, काकू, स्टुडिओवाल्यानं विचारलं होतं, हा नॉइज काढू का? मी म्हटलं, काढ.

बैल गेला नि झोपा केला, असं मी मनात म्हटलं होतं पहिल्या दिवशी. त्या क्षणी म्हणवेना. पोरगं बापाच्या तबल्याकडे बघत उभं होतं, तबला काचेत होता. मग एकदम म्हणाला, काकू, तुम्ही सुरू करा, मी बघतो काय ते. काय बघणार, ते मी विचारलं नाही.

* * *

समारोपाला किती माणसं असावीत? सेल्फीवाल्या मुली गेल्या होत्या. शाळेचे एक सर, पुंडलिकभावजींची बायको, रामनगरचे दोन-तीन जुने दुकानदार आणि किल्ल्या घेऊन उभा असलेला शिपाई. पेटी काचेत, म्हणून मला कुणाचा तरी कॅसिओ दिला होता. तबला मोबाइलवर. मामा मधे बसले, गुडघ्यावर हात ठेवून. इतके लहान झालेत ते, स्टेजवर एकटे बसल्यावर कळलं.

सरांनी भाषण केलं, एका वैभवशाली पर्वाची सांगता वगैरे. मग म्हणाले, आता दत्तूमामा भैरवी गातील.

मामांनी माझ्याकडे बघून मान हलवली आणि सुरू केलं. भैरवी नव्हे, गणपतीचं नमन. बैठकीच्या सुरुवातीला म्हणायचो ते. सर गोंधळले. मी कॅसिओवर सूर धरला. आवाज येत होता आणि जात होता. वरच्या सुरावर मामा जायचे आणि तिथे आवाज नसायचा, नुसता वारा. तरी ते तिथे थांबायचे, तो सूर लागला आहे असं समजून पूर्ण वेळ थांबायचे, आणि मग खाली यायचे. मला बघवत नव्हतं. वाटलं, आता हे संपू दे. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते हे असेल तर संपू दे, होऊन जाऊ दे भैरवी, माझं काही म्हणणं नाही. खरंच असं वाटलं मला.

नमन झालं, मग एक भजन, मग दुसरं. शिपायानं किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. बाहेर उन्हं उतरली होती. सर माझ्याकडे बघून बोटांनी विचारत होते, कधी?

तेवढ्यात गोवा रोडवर, शाळेच्या अगदी फाटकाशी, हॉर्न वाजला. लांब, मुद्दाम वाजवलेला. मी दारातून बघितलं, सचिन रस्त्यात उभा होता. एका ट्रकसमोर दोन्ही हात जोडून. ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून त्याच्याकडे बघत होता.

मामा थांबले. हॉलमध्ये सगळे उठून उभे राहिले, पुंडलिकभावजींच्या बायकोनं पदर तोंडाला लावला. मी कॅसिओवर भैरवीचा सा शोधायला लागले.

तो ट्रक अडला म्हणून मागचा वाजायला लागला. त्याच्या मागचाही. थोड्या वेळात रामनगरचा सगळा रस्ता बोंबलत होता, बारीक, जाड, चिरके, सगळे हॉर्न एकदम. सचिन मधेच उभा होता, हात जोडलेलेच.

मामांनी मान तिरकी केली. डोळे मिटले. एकेक हॉर्न ऐकत राहिले, बाजारात माणूस एकेक आंबा उचलून बघतो तसे, अजिबात घाई न करता. सगळे ऐकून झाले तेव्हा डोळे उघडले.

"ट्रक हाईत ह्ये. आपली बस न्हवं." मग माझ्याकडे वळले. "धर अक्का, पुडचं कडवं. आजून येळ हाय."